वन्थ

"वन्थ," मी म्हटलं, आणि अख्खा वर्ग हसला.

आठवीचा वर्ग. नागपुरातली नावाजलेली शाळा. वकिलांची, डॉक्टरांची, बर्डीच्या बाजारातल्या दुकानदारांची पोरं. इंदोऱ्याच्या दलित वस्तीतून आलेली मी एकटी. शेवटच्या बाकावर. इंग्रजीच्या सरांनीच बसवलं होतं तिथं.

इंग्रजीचा तास होता. सरांनी फळ्यावर लिहिलं, फोरचं फोर्थ, सिक्सचं सिक्स्थ, सेव्हनचं सेव्हन्थ. एवढंच लिहून मला उभं केलं. "सांग, वनचं काय?" मी डोकं चालवलं. शेवटी थ लावायचा. वन्थ.

सर हसले नाहीत. खडू ठेवला, बोटं झटकली आणि शांतपणे म्हणाले, "वनचं फर्स्ट होतं. पण ते तुला कशाला हवं? तुम्हा लोकांत फर्स्ट कोण येतं? तू थर्टी-फिफ्थ पाठ कर. पस्तीस मार्कांत पास. पुढचं सरकार बघेल."

पोरं बाक बडवून हसली. सरांनी मला पुढे बोलावलं आणि तास संपेपर्यंत उभं ठेवलं. फळ्याकडे पाठ करून. सगळ्यांना चेहरा दिसेल असं.

घरी आई बिड्या वळत होती. मांडीवर सूप, सुपात तेंदूपत्ता.

"काहून रडून राहिली वं?"

मी वन्थचं सांगितलं. पस्तीसचं गिळलं.

आई कधी शाळेत गेली नव्हती. हात न थांबवता म्हणाली, "त्यात हसाचं काय? आपन तरी एकवा म्हनतो का? पाचवा म्हनतो, सहावा म्हनतो. एकाले पयलाच म्हनतो."

मी रडायची थांबले. एकवा, दोनवा, तीनवा. खरंच, कोणीच म्हणत नाही. म्हणजे नियम मी बरोबर ओळखला होता. जो आकडा नियमात बसत नाही, तोच सरांनी मला विचारला. न शिकवता विचारला. मुद्दाम.

मग मी पस्तीसचंही सांगून टाकलं.

आईचे हात थांबले. सूप तिनं बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "उद्या शाळेत जाशीन. अन् बोलशीन."

दुसऱ्या दिवशी सर वर्गात आले आणि मी कोणी न विचारता उभी राहिले.

"सर, काल तुम्ही फक्त थ लावाचा नियम शिकवला. अन् विचारलं वन. मराठीतही एकवा नसते. चूक माझी नव्हती, शिकवणं अर्धं होतं. अन् आमच्या लोकांबद्दल जे बोलले, ते शब्द वापस घ्या."

"बस खाली."

"नाही बसत."

सरांनी दंडाला धरून मला हेडमास्तरांकडे नेलं. हेडमास्तरांनी सरांचं ऐकलं. माझं विचारलं नाही. "माफी माग. नाहीतर दाखला घे आणि जा."

मी तेरा वर्षांची होते. पण दाखला घेतला असता, तर हेच लोक म्हणाले असते, झेपलं नाही पोरीला.

"माफी मांगत नाही," मी म्हटलं. "दाखलाही नेत नाही. काढाचं असन तर काढा. पण काहून काढलं ते कागदावर लिहून द्या. सर काल काय बोलले, तेही लिहा. मी वस्तीत सगळ्यायले वाचून दाखवीन."

हेडमास्तरांनी पेन उचललं. सरांकडे पाहिलं. सर खिडकीबाहेर बघत होते. पेन पुन्हा टेबलावर गेलं.

"वर्गात जा," हेडमास्तर म्हणाले.

सरांनी शब्द मागे घेतले नाहीत. त्या दिवशीही नाही, कधीच नाही. वर्षभर मला एक प्रश्न विचारला नाही. मी रोज हात वर करायची, ते हातावरून नजर फिरवायचे. मी तरीही उत्तर द्यायची. मोठ्यानं.

पण त्या दिवशी हेडमास्तरांच्या ऑफिसातून वर्गाकडे परतताना व्हरांड्यात मला एकाच गोष्टीचा राग आला होता, स्वतःचा. आदल्या दिवशी तास संपेपर्यंत मी गप्प उभी राहिले, आणि बोलायला एक रात्र जाऊ दिली. तिथंच ठरवलं. यापुढे कोणी असं बोललं, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहायची नाही. त्याच जागी, त्याच मिनिटाला, तोंडावर विचारायचं. समोर कोणीही असो.