फोनातली संकष्टी

मालवणच्या बाजारात जिच्याकडून मी बारा वर्षं मासे घेतो, तिचं नाव मला माहीत नाही. बांगड्याचा कल्ला उचलून बघावा तशी ती गिऱ्हाइकाचं तोंड बघते आणि बडबडत एखादा बांगडा जास्तच घालते.

एकदा तिने बाजारातून जाताना हाक मारली, तर मी "आज संकष्टी" म्हणून फोनातलं कॅलेंडर पुढे केलं. मासळीचे हात लागू नयेत म्हणून तिने फोन कोपराने ढकलला.

"मास्तरानू, ह्या फोनात इतके सण कोणी घातल्यानी? काढून टाका सगळे. माणसान मासे खावचे कधी?"

मलाही ती यादी नकोशी झाली होती. संकष्टीच्या खाली कुठल्या परदेशातली सुट्टीसुद्धा दिसायची. घरी येऊन सेटिंगमधल्या सगळ्या खुणा काढल्या. कॅलेंडर कोरं झालं.

पुढच्या महिन्यात पिशवी घेऊन गेलो, तर टोपलीत मुडदुशे नुसते चमकत होते. मी बोट दाखवताच तिने त्यांच्यावर ओलं फडकं ओढलं.

"आज संकष्टी आसा. घराक जावा."

आई गेल्यापासून मी संकष्टी धरतो, हे तिला ठाऊक होतं. घरची होडी असलेल्या बाईला तिथी भरती-ओहोटीवरूनच कळते.

"अगो बाय, तूच काढूक सांगितलंस ना?"

"फोनातली काढूक सांगितलंय," फडक्यावर पाणी शिंपडत ती म्हणाली. "आभाळातलो चंद्र न्हय."