सलीमभाईंच्या रेडिओतली टकटक

सलीमभाई कुणाच्या घरी गेले की पाण्याच्या ग्लासाआधी खिशातला रेडिओ काढत. दोन स्टेशनांमधली रिकामी जागा लावून तो चार्जरजवळ, दिव्याजवळ फिरवत. खरखर आली की भाजीत झुरळ निघाल्यासारखं तोंड करत.

"थू! हे पहा," माझा नवाकोरा चार्जर फोडून ते म्हणाले होते. "खरखर गाळून घेणाऱ्या कॉइलची जागा हाये, कॉइल नाही! तिथं तार जोडून देली. म्हंजे सगळी घाण सीधी लाईनीत. अरे, मशीननं आपलं काम करावं, शेजाऱ्याले तरास देऊ नये, अन् शेजाऱ्याचा थोडाबहुत सोसावा. बस!"

बाभुळगावात त्यांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. त्यांचा हा सोवळेपणा मला अतीच वाटे.

मग एका सकाळी आईच्या छातीत कळा आल्या. आमच्या शेताला लागूनच डॉक्टरांचा दवाखाना. ईसीजीच्या कागदावर ठरावीक अंतरानं उभे काटेच काटे! डॉक्टरांना काही वाचता येईना. "कशाच्या भरवशावर औषध देऊ?" ते घामाघूम झाले. मी सलीमभाईंना फोन लावला.

ते आले. रेडिओ बोलू लागला : टक्... टक्... काट्यांच्याच तालात. त्या आवाजामागे ते दवाखान्याच्या परसात गेले, त्यांच्यामागे मी. तिथं अर्थिंगच्या सळईला एक तार गुंडाळलेली होती. तिचं दुसरं टोक शेतातल्या, रानडुकरांसाठी कुंपणाच्या तारेत झटके सोडणाऱ्या झटका मशीनला.

"कोण हाये हा हरामखोर?" सलीमभाई थुंकले. "सोताची सळई जमिनीत गाडाचा आळस, अन् आपला मळ दवाखान्यात सोडून राह्यला!"

"मीच," मी म्हणालो. मुरमाड जमिनीत सळया ठोकायचा मला कंटाळा आला होता.

त्यांनी माझ्याकडे त्या चार्जरकडे पाहावं तसं पाहिलं. मग तार सोडली. पुढचा कागद स्वच्छ निघाला. झटकाच होता, हृदयाचा. डॉक्टरांनी औषध दिलं, यवतमाळला हलवलं. आई वाचली.

मागच्या वर्षी सलीमभाई गेले. आई ढसाढसा रडली. म्हणाली, "लय इचारलं त्याले, तार कोणं बांधली म्हणून. शेवटपर्यंत नाव नाही सांगतलं. काहून लपवलं असन रे?"

मी शेजारीच बसलो होतो. अजूनही सांगितलेलं नाही. थू आहे माझ्या जिंदगानीवर!