तिवराची फांदी

माझ्या पायगाडीची, म्हणजे सायकलची, गोष्ट घरात सगळ्यांना तोंडपाठ आहे. साहेबाच्या लिलावात घेतलेली गाडी, धोतराचा काचा मारून केलेली स्वारी, घोडबंदरच्या रानातला बिबट्या आणि शेवटी उत्तनचा समुद्र. नातवंडांना बिबट्या फार आवडतो. खरं म्हणजे बिबट्या मी कधी पाहिलाच नाही, हेही एकदा सांगून टाकतो. गोष्ट समुद्रापाशी आली की मी थांबतो. परत कसा आलो, हे कुणी विचारलं नाही आणि मी आपण होऊन सांगितलं नाही. चाळीस वर्षं ती परतीची वाट मी टाळत आलो. अजून अक्षर दिसतं आहे, तोवर ती लिहून ठेवतो.

एकोणिसाव्या शतकाची शेवटची वर्षं होती. मी ठाण्याला कचेरीत कारकून होतो आणि कोपरीत बिऱ्हाड होतं. आठवडाभर टाक चालवायचा आणि रविवारी पायगाडी. तांबडं फुटताना निघालो की माजिवड्यापर्यंत कोंबडे सोबत करायचे. पुढे रान लागे. डाव्या हाताला डोंगर, उजवीकडे झाडांच्या फटींतून खाडी दिसायची, लपायची. घोडबंदरला चढ संपला की अंगावर खारा वारा येई. तिथून भाईंदर, मग उत्तन. वाळूत गाडी आडवी टाकून मी भाकरी खायचो आणि उन्हं कलली की निघायचो.

आल्या वाटेनं परतायचं मला आवडत नसे. म्हणून भाईंदरहून मी मिठागरांत शिरायचो. खाडीच्या कडेकडेनं मातीचा लांबच लांब बांध होता. एका बाजूला भरतीचं पाणी आणि खारफुटीतली तिवराची झाडं, दुसऱ्या बाजूला मिठाचे चौकोन. त्या बांधावरून गेलं की सरळ घोडबंदरच्या रस्त्याला लागायचो आणि माझा फेरा पुरा व्हायचा.

बांधावर एक म्हातारा राखणदार होता. मिठागराचं पाणी आत घ्यायचं, अडवायचं आणि बांध जपायचा, हे त्याच्या घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आलेलं काम. त्यानं पहिल्या दिवशी मला अडवलं, चाकं दाबून पाहिली आणि विचारलं,

"तुझा घोरा पानी पितो का रं?"

"नाही बाबा, वारा खातो."

"मंग चांगला हाय. आमच्या बैलापरीस स्वस्त." आणि मागे मीठ ओढणाऱ्या बायकांना ओरडून म्हणाला, "अगं, बघा गं, कारकून वाऱ्यावर चाललाय!"

बायका खदखदून हसल्या. त्या दिवसापासून मला बांधावरून जायची मोकळीक मिळाली. दर रविवारी तो मला मडक्यातलं पाणी द्यायचा आणि मी त्याला पान द्यायचो. त्यानं एकच अट घातली होती.

"बांध फुटला, खचला, की आमी नवी माती घालतो नि उघड्या पायांनी तुडवतो. वर तिवराची फांदी रोवतो. फांदी दिसली की खाली उतरायचं आन्‌ लांबून वळसा घ्यायचा. ती सुकून तिची पानं गळेस्तवर त्या मातीवर कुनी पाय ठेवीत नाय. माझी सूनबी नाय, मालकबी नाय."

"आणि कुणी ठेवलाच तर?"

"फांदी माझ्या हातची असतीय, कारकुना. बांध गेला तर मीच गेलो."

चैत्रातला रविवार होता. मिठाचा भर हंगाम होता, चौकोनांत पांढरे ढीग उभे होते. उत्तनला मी जरा जास्तच रेंगाळलो. कचेरीत मी मोठ्या तोऱ्यात सांगून ठेवलं होतं की दिवेलागणीच्या आत कोपरीत येऊन दाखवीन. दोघंतिघं तिथल्या पुलाशी वाट पाहत उभे राहणार होते. बांधाच्या मधोमध आलो आणि समोर फांदी दिसली. पानं हिरवीगार होती, सकाळीच रोवलेली असावी. वळसा घ्यायचा तर गाडी खांद्यावर घेऊन चिखलातून जायचं, म्हणजे तासभर गेला. म्हाताऱ्याची झोपडी दूर होती. आसपास कुणी नव्हतं.

मी फांदी उपटली. गाडीवर बसलो. दहा-बारा हात सरळ गेलो आणि चाक खाडीच्या अंगाला घसरलं. ओल्या मातीत चाक रुततं तेव्हा एक आवाज येतो, लहान मूल दूध ओढतं तसा. तो आवाज अजून माझ्या कानात आहे; घरात कुणी लिंपण कालवायला घेतलं तरी मी उठून दुसरीकडे जातो. गाडी मी हिसडा देऊन आतल्या बाजूला ओढली. बांधाच्या माथ्यावर आडवी चर पडली, वीतभर खोल. मी खाली बसलो, हातानं माती ओढून चर भरली, तळव्यानं सारवल्यासारखी गुळगुळीत केली. तुडवली नाही. धोतर आधीच बरबटलं होतं आणि उशीर होत होता. मग परत मागे गेलो आणि फांदी होती तिथेच रोवून ठेवली.

ती फांदी मी परत का रोवली, हे मी स्वतःला हजार वेळा विचारलं आहे. तशीच पडू दिली असती तर म्हाताऱ्याला कळलं असतं की इथून कुणीतरी गेलं. त्यानं बांध पाहिला असता.

दिवेलागणीच्या आत मी कोपरीत पोचलो. पुलाशी उभ्या असलेल्यांनी माझी पाठ थोपटली.

दोन दिवसांनी पुनव होती. उधाणाची भरती आली, पाणी बांधाच्या माथ्याला टेकलं आणि त्या चरीनं आत शिरलं. हे मला पुढच्या रविवारी कळलं. बांधाला खिंडार पडलं होतं, बैलगाडी जाईल एवढं. सगळा गाव माती वाहत होता. मिठाचे ढीग नव्हते. जिथे ते होते तिथे करडं पाणी होतं आणि त्यात ढग दिसत होते.

खिंडाराच्या तोंडाशी म्हातारा उभा होता. त्यांच्यात रीत होती: ज्याच्या हातची फांदी, त्यानं खाडीला नारळ द्यायचा, आपलं फावडं खाली ठेवायचं आणि प्रत्येक घरापुढे हात जोडायचे. मग त्यानं पुन्हा बांधाला हात लावायचा नाही. मी पोचलो तेव्हा नारळ देऊन झाला होता. तो एकेका घराच्या माणसांपुढे जाऊन म्हणत होता,

"माझी तुडवनी कच्ची राह्यली. पोटात घाला."

त्याची सून तेवढी म्हणाली, "आबा, मी तुडवला ना तुमच्या संगती. कच्चा नव्हता."

"गप गं. पानी खोटं बोलत नाय."

मी गाडी धरून उभा होतो. चाकं मी आदल्या रविवारीच घरी घासून धुतली होती. आता बोलायचं, एवढंच मनात होतं. आणि तेवढ्यात म्हातारा सगळी घरं संपवून माझ्यापुढे आला. त्यानं मलाही हात जोडले.

"तुझी वाटबी गेली रं माझ्यापायी, कारकुना. पोटात घाल."

मी काय केलं? मी म्हणालो, "असू द्या बाबा."

त्या तीन शब्दांनी मी त्याला माफ केलं. त्यानं न केलेल्या गुन्ह्याची माफी मी ऐटीत देऊन टाकली आणि गाडी वळवून निघून आलो.

वर्षभर मी त्या बाजूला फिरकलो नाही. मग कळलं, म्हातारा उत्तनला लेकीच्या दारी राहायला गेला. सांगायचंच असा निश्चय करून एका रविवारी गेलो. रस्ताभर वाक्य घोकत होतो. घोडबंदरच्या चढावर तर मोठ्यानं म्हणून पाहिलं. तो किनाऱ्यावर वाळत घातलेल्या बोंबलांपाशी हातात काठी घेऊन बसला होता, कावळे हाकत. भरती चढत होती, पण त्यानं मुद्दाम पाण्याकडे पाठ केली होती. मला पाहिल्यावर तोंडभर हसला.

"आला वाऱ्यावरचा कारकून! बस. पानी पी."

मडकं तेच होतं. मी पाणी प्यालो. त्यानं बांधाची चौकशी केली. आता कोण राखतो, फांदी रोवतो का नीट? मी म्हणालो, माहीत नाही. मग तो एक कावळा हाकून म्हणाला, "मी रोज तुडवनी मोजतो बग मनात. कुठं चुकलो, कळतच नाय."

मी त्याच्या हातावर पान ठेवलं आणि उठलो. ठाण्याला येईस्तवर मागे पाहिलं नाही. पावसाळ्यानंतर तो गेल्याची बातमी आली. मी गाडी विकली. पण अजून चैत्री पुनवेला कळव्याच्या पुलाखाली पाणी चढतं, तेव्हा मला वाटतं ते माझीच खूण शोधत येत आहे.

घोडबंदरच्या चढावर मोठ्यानं म्हटलेलं वाक्य हे होतं: "बाबा, तुमची तुडवणी पक्की होती. फांदी मी उपटली. पोटात घाला."