काजं शिकायला आलेली तिसरी

काजवाल्या मावशींनी चाळीस वर्षं तीन दुकानांच्या शर्टांना हाताने काजं केली. मशीनच्या काजाला त्या काज म्हणतच नसत, भोक म्हणत. नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत. डावी बाजू लुळी पडली तरी माशीला परवानगी मिळाली नाही.

एकुलती एक लेक पोस्टात खिडकीवर बसायची. रजा संपली होती. सोमवारी हजर व्हा, नाहीतर पुन्हा येऊ नका, असं साहेबाने सांगून टाकलं होतं. घरात पगार तेवढा एकच. लेकीने आजारी माणसं सांभाळणाऱ्या बायकांच्या ब्युरोतून बाई आणली. पहिली दोन दिवस टिकली. दुसरीने साबण हातात घेतला आणि मावशी कडाडल्या, "मी काय पाळण्यातली आहे?" ती दुपारीच चपला घालून चालती झाली.

रविवारी तिसरी आली. लेकीने तिला दारातच अडवून कानात काहीतरी सांगितलं आणि आत येऊन ठोकून दिलं, "आई, ही तुझ्याकडे काजं शिकायला येणार आहे. दिवसभर थांबेल."

"फी देईल?" मावशींनी विचारलं. "फुकटची विद्या अंगी लागत नाही."

झालं. लेक महिन्याला ब्युरोचे पैसे भरायची आणि मावशींना द्यायची फीसुद्धा गुपचूप तिसरीच्या हातात ठेवायची. आईला सांभाळायचं तर पदरमोड होणार हे तिला ठाऊक होतं. एकाच बाईपायी दोनदा होईल असं वाटलं नव्हतं. पण सोमवारी ती खिडकीवर होती.

मावशींचं शिकवणं तोंडी. "दोरा ओढू नकोस गं, बसव त्याला." चुकलेलं काज त्या उसवायला लावायच्या, तिसरी मुकाट्याने उसवायची. शिकणारीने आधी शिकवणारीचं घर सांभाळायचं, असा त्यांच्या वेळचा नियम. त्यामुळे आंघोळ, गोळ्या, पायाचा व्यायाम, सगळं शिक्षणातच बसलं. तिसरीला काजांचं काम मनापासून आवडायला लागलं होतं. ते लेकीच्या लक्षात यायला हवं होतं, पण सुखात असलेला माणूस फार बघत नाही.

आठ महिन्यांनी एका संध्याकाळी लेक घरी आली तर तिसरी डोळे पुसत हसत होती. मावशींनी जुन्या दुकानदाराला फोन करून तिला कामाला चिकटवलं होतं. एक तारखेपासून.

"माझ्या हाताखालची पहिली पोर नोकरीला लागली!" मावशी म्हणाल्या.

लेकीने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. रागवावं की रडावं तिला कळेना. "आई, काय करून बसलीस हे? आता तुझ्याजवळ कोण थांबणार? मी सोडू नोकरी?"

"तू कशाला सोडतेस? दुसरी आण शिकायला."

"अशा शिकणाऱ्या काय रस्त्यावर पडल्यात? कुठून आणू?"

"ब्युरोतून." आठ महिन्यांत लेकीने हा शब्द घरात काढला नव्हता. "आणि हिच्यासारखीच बघ, डोक्यावरून पाणी घालताना कानावर हात धरणारी. काजं काय, मी कोणालाही शिकवीन."