टेबलावरचं घड्याळ

कोर्टाच्या आवारातल्या कडुनिंबाखाली मी माझ्या कामासाठी ताटकळत बसलो होतो. शेजारच्या टेबलावर विलायतेत शिकून आलेली तरुण वकीलबाई होती. समोर एक मावशी येऊन बसल्या, तशी तिने मनगटावरचं घड्याळ काढून पुढ्यात ठेवलं. तिकडचीच सवय ती. तिकडे वकिलापुढे तोंड उघडलं की मिनिटामिनिटाचे पैसे पडतात, हे मघाशी तिनेच मला सांगितलं होतं.

मावशी घड्याळाकडे बघत घाईघाईने म्हणाल्या, "मालक गेले. दीर घराबाहेर काढतोय." मला त्या घड्याळाचाच राग आला.

तिच्याही ते ध्यानात आलं असावं. तिने घड्याळ पर्समध्ये टाकलं.

"सावकाश सांगा, मावशी. मालकांचं नाव काय?"

मावशींनी पदर सावरला. नाव काही ओठांवर येईना. कडुनिंबाचा मोहोर कोऱ्या कागदावर अलगद पडत राहिला. परदेशात हे गप्प राहणं केवढ्याला पडलं असतं! इथे ते त्या पांढऱ्या फुलांसारखं आपसूक टेबलावर साचत होतं.

मग, साऱ्या संसारात कधी उच्चारलं नव्हतं ते नाव मावशींनी हळूच घेतलं.