कलेजीचा वाटा

पोलिसातल्या नोकरीत प्रकरणं पुष्कळ हाताळली. दिंडोरी तालुक्यातलं ते एक मात्र अजूनही जेवताना मध्येच आठवतं आणि हातातला घास तसाच राहतो.

नाशिकच्या रुग्णालयातून ठाण्यात खबर आली. पाच महिन्यांची गरोदर बाई, विषबाधा. पोटातलं मूल गेलं होतं, ती स्वतः अत्यवस्थ होती. पाठोपाठ तिचे वडील आले. सासूनेच लेकीला विष घातलं, असा त्यांचा आरोप. तो उडवून लावण्यासारखा नव्हता. घरचे सगळे एकत्र जेवले होते, पण आजारी पडली एकटी सून, आणि तिचं ताट सासूने वेगळं वाढलं होतं.

महिला अंमलदाराला घेऊन सासूच्या घरी गेलो. बाई रडली नाही, घाबरलीही नाही. अशी माणसं निर्ढावलेली असतात किंवा खरी असतात, आणि पहिल्या भेटीत फरक कळतो म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. त्या दिवशी वस्तीवर एकाने बोकड कापला होता. पाच-सहा घरांनी मटणाचे वाटे घेतले होते.

"सुनंला रक्त कमी हाय," ती म्हणाली. "म्या सांगितलं, माझ्या वाट्याचं मटण कमी करा, पण अख्खी कलेजी मला द्या. एक फोडबी दुसऱ्याला दिली नाय."

हा जबाब तिलाच अडकवणारा होता. तरी बाकीच्या घरी चौकशी केली. सगळे ठणठणीत. एका घरी सहज विचारलं, वजडी कुणाकडे गेली? कुणाकडेच नाही, म्हणे. तिथे मी थबकलो. वजडी म्हणजे बोकडाचं पोट आणि आतडी. आमच्याकडे ती कुणी सोडत नाही, उलट तिच्यावरून भांडणं होतात.

बोकडाच्या मालकाला ठाण्यात आणलं. आधी म्हणाला कुत्र्यांनी नेली, मग म्हणाला खराब निघाली. मी आवाज चढवला नाही. वजडी कुठे टाकली ती जागा दाखव, एवढंच धरून बसलो. शेवटी तो फुटला. बोकड फवारलेल्या द्राक्षबागेत शिरून पाला खाऊन आला होता. तोंडाला फेस आल्यावर, मरायच्या आत त्याने सुरी फिरवली.

"इख पोटात ऱ्हातं साहेब, म्हणून वजडी पुरली. बाकीच्याला काय होतंय, असं वाटलं."

पंचांसमक्ष खड्डा उकरला. औषधाचा वास लपत नव्हता. अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांनी नमुने सील केले. सुनेच्या पोटातल्या नमुन्यातही तेच कीटकनाशक निघालं. पोटातलं विष रक्तातून कलेजीत जाऊन साठतं, बाकीच्या मटणात तेवढं उतरत नाही, असं डॉक्टरांनी समजावलं. कापण्याआधी जनावर पशुवैद्यकाकडून तपासून घ्यावं, आजारी जनावराचं काही विकू नये, हा नियम आहेच. वस्तीवर तो विचारतो कोण? मालकावर गुन्हा दाखल झाला. सून वाचली.

सासूला सांगायला मी स्वतः गेलो, सोबत सुनेचे वडील होते. तुमच्यावर संशय उरला नाही, म्हटलं. विष कशात होतं, असं तिने विचारलं आणि मला सांगावं लागलं. निर्दोष ठरलेल्या माणसाच्या डोक्यावरचं ओझं उतरतं, अशी तोवर माझी समजूत होती. आम्ही कागदावर मोकळं केलेलं माणूस घरात मोकळं होतंच असं नाही, हे मी त्या ओसरीवर शिकलो. मला तिची फार दया आली.

सुनेच्या वडिलांनी हात जोडून माफी मागितली.

ती म्हणाली, "माफी कशाची, भाऊ? खाऊ घातलं तर म्याच."