‘बाकी सगळे’ची ओळ

मशीन चांगला तांदूळ कचऱ्यात फेकत होतं आणि राइस मिलचे सेठ ऑपरेटरला कामावरून काढायला निघाले होते.

"अरवा का बटन दबाया है इसने. कल से घर बैठो," सेठ म्हणाले.

"मी कायले दाबीन, सेठजी? उसनाच दाबलो. मशीनच फेकून राहिली," देवलालभाऊ म्हणाले. बारा वर्षं ते त्याच मशीनवर होते.

सॉफ्टवेअर आमच्या कंपनीचं. मी गोंदियातून काम करते, म्हणून मला पिटाळलं. हे सॉर्टेक्स मशीन रंग पाहून दाणा निवडतं. अरवा तांदूळ पांढरा, त्यात पिवळा दाणा म्हणजे खराब. उसना मात्र धान वाफवून काढतात, तो पिवळसरच असतो. मिलने त्याच आठवड्यात उसना सुरू केला होता.

मशीनच्या नोंदींचा लॉग पाहिला. देवलालभाऊंनी ‘उसना’च निवडला होता. नियम मात्र अरव्याचा लागला होता.

आम्ही फंक्शनल भाषेत लिहितो. फंक्शनला तांदळाचा प्रकार द्यायचा, ते नियम देतं. लिहिलेलं तपासून मशीनला चालेल असं करून देतो तो कंपायलर. त्याच्या नव्या व्हर्जनमध्ये एक फीचर आलं: यादीतला एकही प्रकार हाताळायचा राहिला, तर तो नुसती वॉर्निंग देत नाही, कामच अडवतो. हे व्हर्जन घ्या म्हणून मी ऑफिसात सहा महिने भांडले होते, तेव्हा कुठे ते घेतलं.

मग उसना सुटला कसा? फंक्शनच्या शेवटी एक नवी ओळ दिसली: बाकी सगळे प्रकार असतील तर अरव्याचा नियम. टाकणारे आमचे टीम लीड. माझं डोकंच फिरलं. सेठसमोरच फोन स्पीकरवर टाकला.

"सर, ही ओळ तुमची?"

"हो, बिल्ड होत नव्हतं, कंपायलर अडवत होता. डेमो होता. एरर गेला ना त्याने?"

"एरर उसन्याचा नियम मागत होता!"

"चिडतेस काय एवढी? तक्रारीचं टिकिट टाक, पुढच्या स्प्रिंटमध्ये बघू."

"इथे माणसाची नोकरी जातेय, सर."

"तो क्लायंटचा प्रश्न आहे."

मी फोन कापला. ती ओळ उडवली. कंपायलरने लगेच अडवलं आणि स्वच्छ सांगितलं, ‘उसना’ राहिलाय. नियम मी देवलालभाऊंना विचारून लिहिला. त्यांनी मूठभर दाणे तळहातावर पसरले. "एवढा पिवरा चालते. कारा दाणा तेवढा फेका."

मशीन ताळ्यावर आलं. "चलो, काम पे लगो," सेठ म्हणाले. बस्स, एवढंच.

"सेठजी, यांना सॉरी तरी म्हणा."

"गलती तुम्हारी कंपनी की है, मॅडम."

खरंच होतं ते. देवलालभाऊंना सॉरी मीच म्हटलं.

पुढच्या रिव्ह्यूत माझ्या नावापुढे शेरा आला: क्लायंटसमोर टीमची चूक उघड केली. कंपायलरमध्ये दरवर्षी नवी फीचर्स येतात. त्याचं तोंड दाबणाऱ्याला अडवणारं अजून एकही आलेलं नाही.